विंडोज टाकताना ‘ड्रायव्हर मिसिंग’ आलं तर काय करायचं?

पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं आणि पुढच्याच क्षणी समोर पाटी: मीडिया ड्रायव्हर मिसिंग. (ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग कसा चालवायचा ते विंडोजला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर.) विंडोज ७ मध्ये हीच पाटी सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागायची. त्या पाटीपायी मी एकदा अख्खी संध्याकाळ डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसलो होतो. त्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नव्हता! तेव्हापासून पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा ती कुठे आली, हे मी आधी बघतो.

‘इन्स्टॉल नाऊ’नंतर लगेच आली, तर सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह वाचता येत नाहीये. विंडोज कुठल्या डिस्कवर टाकायचं ते विचारणारं पान उघडलं आणि तिथली यादी रिकामी दिसली, तर एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली साठवणीची डिस्क, सापडत नाहीये. दोन्हीकडे बटण एकच, ‘लोड ड्रायव्हर’. उपाय मात्र अगदी वेगळे.

पेनड्राइव्हचं दुखणं असेल तर

१. पाटी रद्द करून पहिल्या पानावर या. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, पाच-दहा सेकंद थांबा आणि पुन्हा ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबा. जादूटोणा वाटतो, पण पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. सुरुवातीला बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम, पेनड्राइव्ह वाचत असतो. सेटअप सुरू झाला की तो आपले ड्रायव्हर वापरतो आणि गाडी तिथे अडते. २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नव्हतेच, ते विंडोज ८ पासून आले. म्हणून विंडोज ७ साठी निळं (यूएसबी ३.० चं) पोर्ट सोडून यूएसबी २.० चं पोर्ट वापरा.

२. तरीही अडलं, तर आयएसओ फाइलवर, म्हणजे ज्या एका मोठ्या फाइलीत विंडोज डाउनलोड होतं तिच्यावर, संशय घ्या. डाउनलोड अर्धवट झालं असेल तरी सेटअप ड्रायव्हरच्याच नावाने खडे फोडतो. फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा कोड) काढून मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या हॅशशी ताडून बघा.

३. पेनड्राइव्ह मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हे प्रोग्रॅम वापरून नव्याने बनवा. आयएसओ उघडून आतल्या फाइली नुसत्या कॉपी करू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते.

एसएसडी दिसत नसेल तर

आधी बायॉसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतंय का ते बघा. तिथेही नसेल तर ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. एसएसडी सैल बसली असेल किंवा गेली असेल.

बायॉसमध्ये दिसते आणि सेटअपमध्ये दिसत नाही? मग प्रोसेसर बघा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो.

१. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर आपलं मॉडेल शोधून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवा. हे काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करावं लागेल.

२. बहुतेकांची गाडी इथेच अडते. हाती आलेली ईएक्सई किंवा झिप फाइल सेटअपला चालत नाही. ती उलगडून आतलं फोल्डर काढायचं. त्यात आयएनएफ, सिस आणि कॅट अशा तिन्ही प्रकारच्या फाइली हव्यात. नुसती आयएनएफ उचलून नेली तर उपयोग शून्य.

३. ते फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. ‘लोड ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ’ करून फोल्डर निवडा. यादीत ‘आरएसटी (रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) व्हीएमडी कंट्रोलर’ अशी ओळ येईल. पुढे एक कोड असतो, ११व्या पिढीला ९ए०बी, १२व्या पिढीला ४६७एफ. आपल्या मशीनला न जुळणारे ड्रायव्हर लपवायची टिक तशीच राहू द्या, म्हणजे चुकीची ओळ निवडली जात नाही. ‘नेक्स्ट’ दाबलं की थोड्या वेळात एसएसडी यादीत येते.

बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा, असा सल्लाही सर्रास मिळतो. एसएसडी पूर्ण पुसून एकच विंडोज टाकायचं असेल तर बहुतेक वेळा चालतं. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हात आवरा: ते व्हीएमडीसकट टाकलेलं असलं तर सुरू होताना निळा स्क्रीन येऊ शकतो, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाईल. ती की आधी लिहून ठेवा. रेड लावलेल्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्या, मशीनवर तर व्हीएमडीला हातच लावू नका.

हे सगळं निस्तरल्यावर विंडोज ११ शेवटी इंटरनेट मागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथे नेटवर्कची यादीच रिकामी असते. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो.