चॅम्पियन्स लीगचे विक्रम कसे वाचावेत आणि कसे नोंदवावेत

युरोपातील फुटबॉल क्लबांच्या या स्पर्धेचा कोणताही आकडा वहीत उतरवण्यापूर्वी तो कोणत्या काळाचा आहे, हे आधी ठरवावे. स्पर्धा १९५५-५६ च्या हंगामात युरोपियन कप या नावाने सुरू झाली आणि १९९२-९३ पासून ती चॅम्पियन्स लीग झाली. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफा विजेतेपदांची मोजणी करताना हा सारा काळ सलग धरते, म्हणूनच रेआल माद्रिदच्या नावावर २०२४ पर्यंत १५ विजेतेपदे दिसतात. त्यांपैकी ६ युरोपियन कपच्या काळातील आणि ९ चॅम्पियन्स लीगच्या काळातील आहेत. केवळ नव्या नावाच्या काळापुरती यादी केली, तर १९७९ आणि १९८० मध्ये सलग दोनदा विजेता ठरलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट त्या यादीतून पूर्णपणे नाहीसा होतो. अशी यादी करण्यास हरकत नाही, पण तिच्या शीर्षकात आरंभवर्ष असलेच पाहिजे.

गोलांच्या बाबतीत पात्रता फेरी धरली आहे की नाही, हे पाहावे. क्रिस्तियानो रोनाल्डोचे मुख्य स्पर्धेतील गोल १४० आहेत. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून पात्रता फेरीत डेब्रेत्सेन या हंगेरियन क्लबाविरुद्ध केलेला गोल मिळवला की ते १४१ होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र एकाच तक्त्यात एका खेळाडूसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा निकष लावल्यास तो तक्ता निरुपयोगी ठरतो.

यानंतर सामन्यांची संख्या तपासावी, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी येथेच घ्यायला हवी. पहिल्या हंगामात १६ संघ होते आणि रेआल माद्रिदला विजेतेपदासाठी ७ सामने पुरले; २०२४-२५ मध्ये ३६ संघांच्या नव्या रचनेत पॅरिस सेंट-जर्मेनला साखळीतील ८ सामन्यांनंतर बाद फेरीचे ९ सामने, म्हणजे एकूण १७ सामने खेळावे लागले. ज्या पिढीला हंगामात इतके कमी सामने मिळाले, तिच्या गोलांची नुसती बेरीज आजच्या खेळाडूंच्या बेरजेशेजारी मांडणे अन्यायकारक आहे. म्हणून गोलांना सामन्यांनी भागून सरासरीचा रकाना जोडावा. रोनाल्डोचे १८३ सामन्यांत १४० गोल, म्हणजे सरासरी ०.७७, जुन्या पिढीतील आल्फ्रेडो दी स्टेफानोचे ५८ सामन्यांत ४९, म्हणजे ०.८४, आणि गेर्ड म्युलरचे ३५ सामन्यांत ३४, म्हणजे ०.९७. एकूण गोलांच्या यादीत बराच खाली असलेला म्युलर येथे या तिघांत सर्वांत वर येतो.

पेनल्टी शूटआऊटमधील, म्हणजे सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टींचे, गोल सामन्याच्या किंवा खेळाडूच्या खात्यात धरू नयेत. १९८६ चा अंतिम सामना स्टेआउआ बुखारेस्टने बार्सिलोनाविरुद्ध शूटआऊटमध्ये २-० असा जिंकला, परंतु सामन्याची नोंद ०-० अशीच राहते.

‘सर्वांत मोठा’ या शब्दांचा नेमका अर्थही स्पष्ट करावा. अंतिम सामन्यात सर्वाधिक, म्हणजे १० गोल १९६० मध्ये ग्लासगोत झाले, जेव्हा रेआल माद्रिदने आइनट्राख्त फ्रँकफर्टला ७-३ ने हरवले. सर्वाधिक फरकाचा विजय मात्र पॅरिस सेंट-जर्मेनने २०२५ मध्ये म्युनिकमध्ये इंटर मिलानवर मिळवलेला ५-० चा आहे.

विक्रम व्यक्तीचा असेल, तर निकषाचे शब्द आणखी जपून निवडावेत. रेआल माद्रिदच्या पाको हेंतोने १९६६ मध्ये सहावे विजेतेपद मिळवले आणि ५८ वर्षे तो एकटाच त्या जागी होता. २०२४ मध्ये त्याच क्लबचे लुका मॉड्रिच, दानी कार्वाहाल, नाचो आणि टोनी क्रोस त्याच्या बरोबरीला आले, त्यामुळे नुसती विजेतेपदे मोजली तर यादीत पाच नावे येतात. ‘एकाच क्लबकडून’ ही अट घातली की क्रोस वगळला जातो, कारण त्याचे २०१३ चे विजेतेपद बायर्न म्युनिकचे आहे. ‘सहाही विजयी अंतिम सामन्यांत प्रत्यक्ष मैदानावर उतरलेला’ असे म्हटले की नाचोही उरत नाही आणि हेंतो, कार्वाहाल व मॉड्रिच ही तीनच नावे राहतात. ‘सहाही सामन्यांत आरंभीच्या अकरांत असलेला’ असे म्हटले, तर २०२४ चा अंतिम सामना राखीव खेळाडू म्हणून खेळलेला मॉड्रिचही वगळावा लागतो.