गुळातला सफरचंद ब्रेड

नाव ब्रेड असलं तरी यात यीस्ट नाही, मळणं नाही. फुगवायचं काम बेकिंग पावडर आणि सोड्याचं. ओलं-कोरडं एकत्र झालं की दोन्ही लगेच कामाला लागतात, त्यामुळे ओव्हन आधी १७० अंशांवर तापवा, ८ बाय ४ इंचांच्या टिनला तेल लावून तळाला बटर पेपर घाला आणि मगच पीठ कालवायला घ्या.

कोरडं साहित्य: मैदा २२० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, सोडा पाव टीस्पून, दालचिनी पूड एक टीस्पून, मीठ पाव टीस्पून. दोनदा चाळून घ्या. ओलं: दोन अंडी, ८० मिली बिनवासाचं तेल, ६० ग्रॅम दही. अंडी नको असतील तर दही एकूण १६० ग्रॅम आणि सोडा अर्धा टीस्पून करा. ब्रेड थोडा गच्च होतो, पण जमतो.

गोडीला १४० ग्रॅम गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथं राहून साखरेचा डबा उघडायचं कारण नाही. पिवळाधमक खडा मात्र टाळा, तांबूस गुळाची चव दालचिनीपुढे टिकते. गूळ चिरून दोन टेबलस्पून पाण्यात मंद आचेवर नुसता विरघळवा. उकळी आली तर पाक होतो आणि ब्रेड कडक पडतो. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलेलं असेल, तर एकच टेबलस्पून पाणी पुरे. मग गाळा. गाळणीत उसाची चोयटी आणि एखादा बारीक खडा हमखास सापडतो. बोट बुडवून सोसेल इतका गार झाल्यावरच अंड्यांत ओता, नाहीतर अंडी तिथेच शिजून गाठी होतात.

सफरचंदं दोन मध्यम, कडक आणि थोडी आंबटसर घ्या. साल काढा, भाजल्यावर ती कागदासारखी दाताला लागते. फोडी हरभऱ्याएवढ्या, साधारण २०० ग्रॅम. किसू नका. किसाला पाणी सुटतं आणि तळाशी ओली, गच्च पट्टी बसते, मग कितीही भाजा.

अंडी, दही, तेल, गूळ फेटून एकजीव करा. त्यात मैदा घाला आणि उलथन्याने खालून वर, बारा-पंधरा वेळा, एवढंच. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. बहुतेकांचा ब्रेड इथंच बिघडतो. इडलीच्या पिठासारखं फेटत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कापल्यावर आत लांब भोकं दिसतात. फोडी शेवटी. चमचा तिरका केल्यावर पीठ क्षणभर अडून मग थबकन पडावं. ओघळत असेल तर दोन टेबलस्पून मैदा वाढवा.

टिनमध्ये ओतून ५० ते ५५ मिनिटं भाजा. पहिली ३० मिनिटं दार उघडायचं नाही. गुळामुळे वरचा भाग लवकर काळवंडतो, म्हणून पस्तिसाव्या मिनिटाला वर फॉइल ठेवा. मधोमध सुरी खुपसा. ओलं पीठ चिकटलं तर आणखी दहा मिनिटं. पण सुरी सफरचंदाच्या फोडीतून गेली तरी ओली निघते, दुसरीकडे खुपसून बघा. वर लांब चीर पडते, तो दोष नव्हे. मध्ये खड्डा पडला तर कच्चा राहिला किंवा सोडा जास्त झाला. साबणासारखी चव आली तर दोष सोड्याचाच.

ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरून वर जाळी ठेवा, दहा मिनिटं तापवून मंद आचेवर तासभर. रंग वरून फिका येईल.

दहा मिनिटांनी टिनमधून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम कापला तर भुगा होतो. चव दुसऱ्या दिवशी मुरते. पावसाळ्यात बाहेर दीड दिवसाच्या वर ठेवू नका, बुरशी येते. फ्रिजमधला काप तव्यावर थोडं तूप सोडून दोन्ही बाजूंनी परता.