जिप्सम पार्टिशनवर जड टीव्ही: पत्र्याच्या स्टडवर भार कसा द्यायचा

नवीन टीव्ही बसवायला येणारा माणूस बहुतेक वेळा हॅमर ड्रिल आणि मूठभर प्लॅस्टिकच्या गिट्ट्या घेऊन येतो. विटांच्या भिंतीला ते पुरतं. जिप्सम पार्टिशनमध्ये गिट्टीला धरायला काही नसतं: पुढे १२.५ मिमीचा बोर्ड, मागे पोकळी, आणि साधारण ६१० मिमी अंतरावर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचे उभे स्टड, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या पट्ट्या.

स्टड सापडला म्हणजे काम झालं असंही नाही. हा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा पकडतो. खाली लटकणारं वजन तो बऱ्यापैकी सोसतो, पण भिंतीपासून बाहेर खेचणारा जोर आला की आटा पत्रा फाडून निघतो. हा जोर किती येतो ते पाहा. टीव्ही २५ किलोचा आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये २० सेंमी अंतर आहे. टीव्ही भिंतीलगत असेल, म्हणजे त्याचा मध्य भिंतीपासून ६ सेंमीवर असेल, तर वरच्या बोल्टवर बाहेरचा ओढा साडेसात किलोचा. तोच टीव्ही आर्मवर, म्हणजे पुढे ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवर, ५० सेंमी बाहेर काढला की ओढा साडेबासष्ट किलो. म्हणून पत्र्याच्या स्टडवर फिरता आर्म लावूच नये, फिक्स ब्रॅकेट घ्यावा. आर्म हवाच असेल तर पार्टिशन उघडून दोन स्टडच्या मध्ये प्लायचा आधार भरावा लागेल.

आणखी एक गोष्ट आधी बघा. ऑफिसातली काही पार्टिशन्स फॉल्स सीलिंगपाशीच संपतात, वर स्लॅबला बांधलेली नसतात. तळहाताने दाबल्यावर भिंत हलत असेल तर तिच्यावर टीव्ही नको, खाली युनिट ठेवा.

स्टडचा मध्य काढणं

छोटं पण ताकदीचं चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून आडवं फिरवा. बोर्डाचा स्क्रू आला की ते चिकटतं, आणि असे स्क्रू उभ्या रेषेत मिळाले की तिथे स्टड आहे. पण स्क्रू स्टडच्या मध्यातच मारलेला असतो असं नाही. बोर्डाच्या सांध्यावर तर दोन्ही बोर्डांचे स्क्रू कडेला असतात. त्यामुळे ब्रॅकेटमागे झाकल्या जाणाऱ्या जागी बारीक खिळा ५-५ मिमीवर टोचत जा. कुठे टणक लागतं, कुठे सरळ आत जातो, त्यावरून दोन्ही कडा कळतात. स्टडचं तोंड साधारण ३५ मिमी रुंद. मध्यात टॉगलसाठी (पत्र्याला मागून अडकणारा बोल्ट, त्याची माहिती पुढे आहे) १३ मिमीचं भोक पाडलं की दोन्ही बाजूंना ११-११ मिमी पत्रा उरतो. मध्य चुकला तर टॉगलला एका बाजूने पत्राच राहत नाही.

त्याआधी त्या भागाचा एमसीबी बंद करा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आणि दोन स्विचबोर्डांच्या मधून आडवी वायर गेली असण्याची शक्यताही धरा. पलीकडे बाथरूम असेल तर पाइप कुठून गेलेत ते विचारून घ्या.

टॉगल

स्क्रूऐवजी एम६चा (६ मिमी जाडीचा) टॉगल बोल्ट घ्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकणारा. त्याचा धातूचा तुकडा स्टडच्या आत उभा बसतो आणि पत्र्याला मागून धरतो. आट्यांवर भिस्त राहत नाही. स्प्रिंगचे पंख असलेला टॉगल स्वस्त मिळतो, पण त्याला मोठं भोक लागतं आणि बोल्ट काढला की पंख आत पडतात.

ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. आधी ३, मग ६, मग १३ मिमीचा एचएसएस, म्हणजे धातू कापणारा, बिट. काँक्रीटचा बिट पत्रा कापत नाही, फक्त तापवतो. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा बिट) इथे टाळा: त्याचे पुढचे टप्पे पत्र्यात शिरेपर्यंत मागचे टप्पे जिप्सममधलं भोक मोठं करून टाकतात. ड्रिलचा चक (बिट धरणारा जबडा) १० मिमीचा असेल तर बारीक दांड्याचा बिट मागा. बिटवर ३० मिमीला टेप गुंडाळा, म्हणजे पलीकडचा बोर्ड वाचेल. वेग कमी आणि जोर बेताचा. जोरात रेटलं तर पत्रा मागे वाकतो, बोर्ड आणि स्टडमध्ये फट पडते. एकेरी बोर्डाला ५० मिमीचा बोल्ट पुरतो, दुहेरी बोर्डाला ६५.

बोल्ट हातपान्यानेच आवळा. इम्पॅक्ट ड्रायव्हर एका झटक्यात जिप्समचा चुरा करतो.

ब्रॅकेट एकाच स्टडवर येत असेल तर

हे नेहमीचंच आहे, कारण बरेच ब्रॅकेट ६१० मिमी रुंद नसतात. अशा वेळी उरलेले बोल्ट नुसत्या बोर्डात मारू नका. १८ मिमी प्लायचा १३०० × ६०० मिमीचा तुकडा कापा, तो तीन स्टडवर जातो. प्रत्येक स्टडवर दोन, असे सहा टॉगल. बोल्टचं डोकं आणि वॉशर प्लायमध्ये पूर्ण बुडवा, नाहीतर ब्रॅकेट सपाट टेकणार नाही. इथे ६५ मिमीचे बोल्ट लागतील. ब्रॅकेटसाठी प्लायच्या मागून एम६चे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) ठोका, अर्थात प्लाय भिंतीला लावण्याआधी. पुढून २० मिमीचे बोल्ट येतील. नंतर लॅमिनेट किंवा रंग दिला की तोच टीव्ही पॅनेल दिसतो.

टीव्ही चढवताना

सोफ्यावर बसून पाहायचा असेल तर टीव्हीचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंमी ठेवा. मागची भोकं टीव्हीच्या मध्यापेक्षा बऱ्याचदा खाली असतात, म्हणून माप ब्रॅकेटवरून नाही, टीव्हीवरून घ्या. मागे कोणते स्क्रू, एम६ की एम८, ते मॅन्युअलमध्ये असतं. स्क्रू आधी हाताने फिरवून बघा. लांब स्क्रू आवळत नेला तर आतला भाग फुटतो. बाहेर उरत असेल तर स्पेसर घाला.

टीव्ही टांगण्याआधी ब्रॅकेटला २० लिटरचे भरलेले दोन जार दोरीने लटकवून तासभर सोडा. तेवढ्यात वरच्या कडेला केसाएवढी फट दिसली तर एखादा टॉगल पत्र्यामागे नीट बसलेला नाही. तो बोल्ट काढून पुन्हा बसवा. जिप्सम थोडं दबतं, म्हणून आठवड्याने टीव्ही उतरवून बोल्ट एकदा पान्याने तपासा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरत असेल तर ब्रॅकेट बोर्डात रुतलाय, तिथे ब्रॅकेटमागे मोठा वॉशर घाला.