ऑफ्थॅल्मिक: तीन टाळ्यांचा शब्द

मेडिकलच्या काउंटरवर मला 19 वर्षं झाली. डोळ्यांच्या ड्रॉप्सवरच्या या शब्दाचे सगळे अवतार ऐकलेत: ऑप्टिमिक, ऑप्थमिक, अगदी 'ऑलंपिक'सुद्धा! म्हणून नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला टाळ्या वाजवायला लावते.

टाळ्या तीन. ऑफ्. थॅल्. मिक. मधली जोरात, कारण शब्दाचा भार 'थॅल्'वर आहे. आधी सुटं म्हणा, मग जोडा. मधला 'ल' गिळू नका, सगळ्यात जास्त तोच हरवतो.

स्पेलिंगला मुलं घाबरतात. ओ-पी-एच, टी-एच-ए-एल, एम-आय-सी असं तीन घासांत पाठ करा. पहिला 'एच' विसरतोच माणूस. पण आपल्याला तो विसरायचं खरं तर कारण नाही. ग्रीक शब्द 'ओफ्थल्मोस', म्हणजे डोळा. प्राचीन ग्रीकमध्ये त्यातले फ आणि थ हे आपल्या फळातल्या फ आणि थंडीतल्या थ सारखेच महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेले उच्चार होते. रोमन लिपीत त्यांना एकेक अक्षर नव्हतं, म्हणून प आणि त ला 'एच'ची शेपटी लावली. आपल्याकडे दोन्ही अक्षरं तयारच आहेत! तेव्हा आधी देवनागरीत लिहा: 'फ्थ'. दोन महाप्राण, म्हणून दोन 'एच'. (इंग्रजीत काही जण 'ऑप्थॅल्मिक' म्हणतात, शब्दकोशांनाही ते चालतं. शिकणाऱ्याने मात्र 'फ्'च धरावा, स्पेलिंग आपोआप बसतं.)

शेवटचा 'इक' म्हणजे 'त्यासंबंधीचा'. शारीरिक, मानसिक मधला आपला 'इक' तेच काम करतो. म्हणून ऑफ्थॅल्मिक म्हणजे डोळ्यासंबंधीचं.

एवढं जमलं की भावंडं ओळखता येतात. ऑफ्थॅल्मोस्कोप हे डोळ्याच्या आत बघायचं यंत्र, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये जगापुढे मांडलेलं. झेरॉफ्थॅल्मिया म्हणजे अ जीवनसत्त्व कमी पडल्याने डोळे कोरडे पडणं. त्यातला 'झेरॉस' म्हणजे कोरडा. आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला: ओल्या शाईविना, कोरड्या भुकटीने छपाई, म्हणून झेरॉक्स.

आता ज्यासाठी हा खटाटोप, ते. 'ओटिक' हाही ग्रीकच, पण कानासंबंधीचा. टाळ्या दोनच: ओ, टिक. बाटल्या सारख्याच दिसतात. एकदा नव्या मुलाने डोळ्याच्या चिठ्ठीवर ओटिक बाटली काढली होती; पिशवीत जाण्याआधी माझी नजर पडली म्हणून बरं. डोळ्याचे थेंब निर्जंतुक असावेच लागतात, कानाचे असतीलच असं नाही. डॉक्टर कधी डोळ्याचं औषध कानात घालायला लिहून देतात. कानाचं डोळ्यात कधीच नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे बाटली पिशवीत टाकण्याआधी लेबलवरचा शब्द मोठ्याने म्हणायचा. तीन टाळ्या आल्या तर डोळा, दोन आल्या तर कान.