फोटो न फाटता मोठा कसा करावा

गणेशोत्सव मंडळाचा फलक असो, शिवजयंतीच्या चित्ररथामागचा पडदा असो की आजोबांच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर टांगायची तसबीर असो, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटो लॅबमध्ये मागणी एकच: “एवढाच फोटो आहे, जरा मोठा करून द्या की.” मोठा तर होतोच. पण मोबाइलवर झकास दिसणारा फोटो अठरा इंचांवर गेला की गालांवर चौकोन उमटतात, केसांचा लगदा होतो आणि डोळ्यांतली चमक जाते. यालाच फोटो फाटला म्हणतात. दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसतो. फाइल दुकानात पोहोचण्याआधीच तिचं बरंचसं नुकसान झालेलं असतं.

मूळ फाइल मिळवा

निम्मं काम इथेच होतं, म्हणून कंटाळा करू नका. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर फाइल दाबली जाते ती वेगळी. जेपीईजी फाइल दाबताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. गालांवर दिसतात ते हेच. तोच फोटो सेव्ह करून पुन्हा पुन्हा पाठवला गेला असेल तर परत परत दाबला गेलेला असतो. ‘एचडी’ पर्याय निवडला तर नुकसान कमी होतं, थांबत नाही.

ज्याच्या मोबाइलने फोटो काढला त्यालाच गाठा. अॅटॅचमेंटच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून फाइल पाठवायला सांगा, म्हणजे ती जशीच्या तशी येते. पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंकही चालते. स्क्रीनशॉट मात्र कधीही घेऊ नका. बऱ्याच मोबाइलांवर त्याची रुंदी जेमतेम १०८० पिक्सेल असते. फेसबुकवरून उतरवलेला फोटोही तसाच दाबलेला.

फाइल हातात आली की तिची मापं बघा. मोबाइलात फोटो उघडून ‘डिटेल्स’मध्ये दिसतात, विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. ४००० बाय ३००० किंवा त्याच्या आसपास आकडे दिसले तर मूळ १२ मेगापिक्सेलची फाइल आहे असं समजावं. १६०० बाय १२०० दिसले तर मूळ फाइलीचा शोध चालू ठेवा.

फोटो अजून काढायचाच असेल तर काम आणखी सोपं. मागचा मुख्य कॅमेरा वापरा, बोटांनी झूम करू नका, लेन्स रुमालाने पुसा. ५० मेगापिक्सेलचा मोड भर उजेडात उपयोगी पडतो. मंडपातल्या अंधुक उजेडात त्याने नुसते दाणे (नॉइज) वाढतात.

किती पिक्सेल पुरतात

हिशेब सोपा आहे: पिक्सेल भागिले इंच. ४००० बाय ३००० चा फोटो २० बाय १५ इंचांवर छापला तर दर इंचाला २०० पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० हवेत, भिंतीवरच्या तसबिरीला १५० ते २०० पुरतात.

याच्या पुढचं सगळं पाहणाऱ्याच्या अंतरावर ठरतं. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो. त्यावरून सूत्र निघतं: ३४३८ ला इंचांतल्या अंतराने भागा. दोन फुटांवरून १४३, पाच फुटांवरून ५७ आणि पंधरा फुटांवरून फक्त १९ पिक्सेल दर इंचाला पुरतात. माणसं जवळ येऊन बघतातच, म्हणून आलेल्या आकड्याची दीडपट धरावी.

चौकातल्या १० बाय ८ फुटांच्या फलकासाठी ३०० डीपीआयची, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलची फाइल मागणारे अजून भेटतात. तसं केलं तर फाइल ३६,००० बाय २८,८०० पिक्सेलची होते, म्हणजे शंभर कोटींहून जास्त पिक्सेल. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही. कॉम्प्युटर हँग होतो आणि फलकात काडीचा फरक पडत नाही. ५० डीपीआयला ६००० बाय ४८०० पिक्सेल होतात, तेवढे भरपूर झाले.

आणि एक गैरसमज: फाइलमध्ये ७२ चा आकडा खोडून ३०० लिहिला म्हणून फोटो सुधारत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छापायचं माप लहान होतं.

आकारही आत्ताच ठरवून टाका. मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि १२ बाय १८ ची प्रिंट ३:२. म्हणजे ४००० बाय ३००० पैकी ४००० बाय २६६७ एवढाच भाग छापला जाणार. कुणाचा फेटा किंवा पाय कापला जाणार ते लॅबच्या मशीनवर सोडू नका, स्वतः क्रॉप करा. नाहीतर १२ बाय १६ ची प्रिंट मागा, ती ४:३ मध्ये बरोबर बसते.

मोठा करण्याआधी काय करावं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी दाणे कमी करा, मग रंग आणि उजेड ठीक करा, त्यानंतर मोठा करा आणि धार (शार्पनिंग) सगळ्यात शेवटी. दाणे तसेच ठेवून मोठा केलात तर प्रत्येक दाण्याचा ठिपका होतो. आधीच धार दिली तर कडांना आलेली पांढरी रेघही फोटोबरोबर मोठी होते.

दाणे घालवताना हात राखून. शून्यावर आणले की त्वचा प्लास्टिकची दिसते. काम करताना फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपीईजी दर वेळी सेव्ह केली की पुन्हा दाबली जाते.

मोठा करणे

पिक्सेल पुरत असतील तर मोठा करूच नका, आहे तशी फाइल द्या. दीडपट, दुप्पट वाढवायची असेल तर साधी पद्धत पुरते. फोटोशॉपमध्ये इमेज साइझ उघडा, ‘रिसॅम्पल’वर खूण करा, पद्धत ‘प्रिझर्व्ह डिटेल्स २.०’ निवडा आणि नॉइज कमी करायची पट्टी २० ते ३० वर ठेवा. फुकटच्या गिंपमध्ये इमेज मेनूतून स्केल इमेज घ्या आणि इंटरपोलेशन ‘क्युबिक’ ठेवा. एकदाच मोठा करा. थोडा थोडा दहा टक्क्यांनी वाढवला तर चांगला होतो असं अजून सांगितलं जातं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा फायदा नाही.

त्याहून जास्त वाढवायचं असेल तर एआयची सॉफ्टवेअरं आहेत. अपस्केल (Upscayl) हे फुकटचं सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे घरातले फोटो कुठल्या अनोळखी साइटवर चढवावे लागत नाहीत. वल्कन या ग्राफिक्सच्या तंत्रावर चालणारं ग्राफिक्स कार्ड मात्र हवं. फोटो निवडा, स्टँडर्ड मॉडेल घ्या, ४ पट ठेवा, पीएनजीमध्ये काढा. १६०० बाय १२०० चा फोटो ६४०० बाय ४८०० होतो. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न झालेली मूळ फाइल असेल तर अॅडोबी कॅमेरा रॉमधलं ‘सुपर रिझोल्यूशन’ वापरा. ते दोन्ही बाजू दुप्पट करतं आणि फारसा आगाऊपणा करत नाही.

एआय कुठे फसवतं

एआय हरवलेला तपशील शोधून काढत नाही, तिथे काय असू शकेल याचा अंदाज रंगवतं. झाडं, दगड, गवत यांत तो अंदाज खपून जातो. चेहऱ्यात खपत नाही. आजीच्या चेहऱ्यावरचा तीळ जातो, नथीचे मोती एकमेकांत मिसळतात, डोळे भलत्याच कुणाचे होतात. प्रिंट देखणी दिसते आणि घरचे म्हणतात, “ही आमची आजी नव्हे.” म्हणून ‘फेस एन्हान्स’चं बटण बंद ठेवा. वस्त्रांचंही तसंच आहे. इरकली लुगड्याचे काठ आणि खणाच्या चोळीवरची बारीक बुट्टी यांची एआय मनानेच नवी नक्षी करतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या कोरीवकामाचा फोटो असेल तर मूळ फोटोशेजारी ठेवून एकेक फूल ताडून बघा.

यावर उपाय दोन थरांचा. एकच फोटो दोनदा मोठा करा, एक साध्या पद्धतीने आणि एक एआयने, दोन्ही एकाच मापाचे. साधा खाली, एआयचा वर. वरच्या थराची ऑपॅसिटी (थर किती गडद दिसतो ते प्रमाण) ५० ते ६० टक्क्यांवर आणा आणि चेहऱ्यावर लेअर मास्क (थराचा ठराविक भाग झाकायची सोय) लावून ती आणखी उतरवा. शेवटी सगळ्या फोटोवर २ ते ३ टक्के एकरंगी नॉइज घाला. दाणे घालवून पुन्हा घालायचे हे उलटं वाटेल, पण हे दाणे बारीक आणि सगळीकडे सारखे असतात, त्यामुळे गुळगुळीत त्वचा आणि खरखरीत कापड यांतला भेद झाकला जातो. जांबोटी-कणकुंबीकडच्या धुक्याच्या किंवा मोकळ्या आभाळाच्या फोटोंत रंगाचे पट्टे पडतात, तेही यानेच मोडतात.

अक्षरं मात्र कधीच मोठी करू नयेत. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं एआयला कळत नाहीत. ‘श्री’ची कुठलीतरी वेलबुट्टी होते आणि कन्नड ओळीचं त्याहून वाईट. जुन्या फलकाचा फोटो देऊन “असाच मोठा करा” असं सांगितलं असेल तर मजकूर कोरलड्रॉमध्ये नव्याने टाइप करा. आपल्याकडे एकाच फलकावर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. श्री-लिपी किंवा नुडीचा जुना फॉन्ट छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसेल तर मजकुराचा कचरा होतो. फाइल देण्याआधी सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा, अक्षरांच्या आकृत्या होतात. त्यानंतर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून मजकुराची एक प्रत तशीच वेगळी ठेवा.

घरात एकच जुना फोटो असेल तर

मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, सपाट स्कॅनरवर ठेवा. पोस्टकार्ड मापाच्या फोटोला ६०० डीपीआय पुरतात. ४ बाय ६ इंचांचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात आणि १५० ने १६ बाय २४ पर्यंत जाता येतं. पासपोर्ट फोटोला १२०० डीपीआय द्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात. त्याहून पुढे स्कॅनर कागदाचे तंतू मोजतो, चेहरा नव्हे. एवढ्याशा फोटोची ८ बाय १० चांगली होते, १२ बाय १५ चालून जाते. मतदार ओळखपत्रावरचा फोटो हा शेवटचा पर्याय. त्याआधी लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो शोधा किंवा जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह आहे का ते विचारा. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३२०० डीपीआयला स्कॅन केली तर सुमारे ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात.

खडबडीत, जाळीदार कागदावरचा फोटो असेल तर एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर सरळ करून पहिल्यावर ५० टक्के ऑपॅसिटीने बसवा, जाळीची सावली बरीच विरते. काळ्या-पांढऱ्या फोटोवर जांभळट निळा शिक्का असेल तर रंगीत स्कॅन करून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. निळ्या चॅनेलमध्ये शिक्का सहसा सगळ्यात फिका असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

प्रिंटला देताना

मापाला आल्यावर धार देणारा अनशार्प मास्क लावा: तसबिरीला अमाउंट ८० ते १२०, रेडियस १ ते २ पिक्सेल, थ्रेशोल्ड ३. स्क्रीनवर १०० टक्के करून बघताना किंचित जास्त वाटली तरच कागदावर धार नीट उतरते. कडांना पांढरी रेघ दिसू लागली की मागे या.

फोटो लॅबला एसआरजीबी (स्क्रीनच्या नेहमीच्या) रंगांत जेपीईजी द्या, क्वालिटी सगळ्यात वरची. फ्लेक्सवाल्याला विचारून सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग). इथे भगवा रंग दगा देतो. स्क्रीनवरचा झळाळता भगवा चार शाईंच्या आवाक्याबाहेरचा असतो, छापल्यावर विटकरी होतो. झेंड्याच्या आणि फेट्याच्या भागात सायन (निळसर शाई) शून्यावर ठेवा, तो जरासा मिसळला तरी रंग मळतो. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. कापडी बॅनरवर शाई पसरते, तेव्हा बारीक तपशिलाची आशा धरू नका आणि धार थोडी वाढवा.

कॅनव्हास चौकटीवर ताणायचा असेल तर चारही बाजूंना २ इंच जास्त चित्र ठेवा; २४ बाय ३६ साठी २८ बाय ४० ची फाइल. साध्या फ्रेममध्येही पाव इंच कड झाकली जाते.

सगळी प्रिंट काढण्याआधी मोठ्या केलेल्या फाइलमधून, माप न बदलता, चेहऱ्याचा ८ बाय १२ इंचांचा तुकडा कापून लॅबमध्ये छापून आणा. जिथे तसबीर लागणार त्या भिंतीवर तो चिकटवा आणि जिथून बघणार तिथून बघा. डोळ्यांच्या कडा तुटक दिसल्या तर प्रिंटचं माप एक पायरी खाली आणा.

फ्रेम करताना प्रिंट आणि काच यांच्यात माउंट बोर्ड घालायला सांगा. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंती महिनोन् महिने ओल धरतात. काचेला थेट टेकलेली ग्लॉसी प्रिंट तिला चिकटते आणि मग सुटत नाही. मॅट कागद घ्या आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळत राहते.