रिकाम्या आंबा शेडमध्ये माजघर : विद्यार्थी चित्रपटाचा सेट कसा बांधावा

कोकणात शूटिंग ठरलं की सगळे एकच बोलतात : "सेट कशाला? घरं आहेतच की." मीही हेच बोललो होतो. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका वाडीत झकास कौलारू घर मिळालं, काकूंनी चहा दिला, आणि कॅमेरा माजघरात नेल्यावर कळलं की त्याला मागे सरकायला जागाच नाही. खोली दहा बाय नऊ. उजेड एका काचेच्या कौलातून येईल तेवढाच. शिवाय घरातली आजी दुपारी त्याच खोलीत झोपते. तिला 'सायलेन्स' कोण सांगणार?

तेव्हापासून मी एक ठरवून टाकलंय. बाहेरचं खरं घ्यायचं, आतलं बांधायचं. खळं (घरापुढचं अंगण), पडवी, गडगा (दगडी कुंपण), तुळशीवृंदावन, माडांमागचा समुद्र यांची नक्कल तुमच्या बजेटमध्ये होणार नाही, तिच्या वाटेला जाऊ नका. माजघर, स्वयंपाकघर, पोस्टाची खोली, बोटीच्या इंजिनाची केबिन मात्र बांधता येते. पात्र पडवीतून आत पाऊल टाकतं आणि पुढच्या शॉटमध्ये ते तुमच्या सेटवर असतं. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, फक्त दाराची चौकट आणि तिचा रंग दोन्हीकडे एकच पाहिजे.

जागा शोधताना

कोकणात सेटसाठी मला आवडलेली जागा म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायची शेड. मार्चपासून तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती रिकामी पडून असते. उंच छप्पर, सपाट कोबा, टेम्पो आत येईल एवढं दार. पावसाळ्याचा विचारच सोडा. ऑक्टोबरातही हवा एवढी दमट असते की सकाळी लावलेला डिस्टेंपर संध्याकाळी बोटाला चिकटतो.

शेड पक्की करण्याआधी दुपारी बारा वाजता आत दहा मिनिटं गप्प उभे राहा. पत्रा तापला की तडतडतो, आणि तो आवाज संवादाच्या मधोमध येतो. मग एक तर दुपारी बिनसंवादाचे शॉट लावायचे, नाहीतर पत्र्यावर झावळ्या टाकायच्या. आम्ही दोन्ही केलं.

पटकथा पेन्सिल घेऊन वाचा

प्रत्येक दृश्यात पात्र कशाला हात लावतं ते खुणा करत जा. दार उघडतं का? कोणी भिंतीला टेकून रडतं का? खुंटीवर छत्री अडकवतं का? हात लागणारी गोष्ट मजबूत बांधायची, नुसती दिसणारी हलकी. आमच्या यादीत खिडकी 'दिसणारी' होती आणि ऐन वेळी दिग्दर्शकाने नायिकेला तिच्यावर कोपर टेकायला सांगितलं. गज पुठ्ठ्याचे होते. पुढचं सांगत नाही.

किती बांधायचं, हे लेन्स सांगते

विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त पैसा न दिसणाऱ्या भिंतीवर जातो. त्यावर एक सोपा हिशेब आहे. क्रॉप सेन्सरच्या (चित्र टिपणारी चिप जरा लहान असलेल्या) बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते. भिंत कॅमेऱ्यापासून किती फुटांवर आहे त्या आकड्याला २३.५ ने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. येईल तेवढे फूट भिंत चौकटीत दिसते. दहा फुटांवरून ५० मिमीची लेन्स पावणेपाच फूट दाखवते, ३५ ची पावणेसात, २४ ची पावणेदहा. २४ च्या लेन्सने त्याच अंतरावर उंची दिसते साडेपाच फूट. म्हणजे कॅमेरा वर मान करणार नसेल, तर आठ फूट उंच भिंत भरपूर झाली आणि वरचं छप्पर बांधायलाच नको. तिथूनच दिवे सोडायचे.

आमचं माजघर ठरलं बारा फूट रुंद, आठ फूट खोल, तीन भिंती. चौथ्या बाजूला कॅमेरा. उलट बाजूचा शॉट हवा असेल तर एक बाजूची भिंत निघणारी ठेवा, म्हणजे ती काढून कॅमेरा तिथे लावता येतो.

कागदावर नकाशा काढून थांबू नका. एका फुटाला अर्धा इंच धरून पुठ्ठ्याचा नमुना करा. बारा बाय आठची खोली सहा इंच बाय चार इंचांची होते. त्यात फोनचा कॅमेरा कडेला टेकवून बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग शेडच्या कोब्यावर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) खरा नकाशा आखा, दार-खिडकीच्या जागा सोडा आणि नटांना त्यातून चालायला लावा. पाट मांडून दोन माणसं जेवायला बसली की उरलेल्या जागेतून तिसरा जाऊ शकतो का, हे फक्कीच सांगते.

चौकटी

प्लायवुडचा ताव आठ बाय चारचा येतो, म्हणून भिंतीचा एक तुकडा तेवढाच धरायचा. याला सगळे फ्लॅट म्हणतात. मागच्या भिंतीला तीन, बाजूंना दोन-दोन, एकूण सात. दोन बाय एक इंचाच्या रिपांची चौकट, मध्ये दोन आडव्या रिपा, वर चार मिमीचा प्लाय. एका फ्लॅटला बत्तीस फूट रीप लागते, सातांना २२४ फूट. कापताना वाया जाते म्हणून अडीचशे आणा. असा फ्लॅट बारा ते पंधरा किलोचा होतो, दोघे जण आरामात उचलतात.

चारी कोपऱ्यांना मागून प्लायचे त्रिकोणी तुकडे मारा, नाहीतर चौकट तिरकी होते. खिळे नकोत, स्क्रू वापरा. खिळे काढताना प्लाय फाटतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना काही उरत नाही. प्लाय परवडत नसेल तर मांजरपाट ताणून खळ लावायची जुनी नाटकवाल्यांची पद्धत आहे. पण खाऱ्या हवेत कापड सैल पडतं आणि दार आपटलं की अख्खी भिंत पोटात घेतल्यासारखी हलते. मागच्या, कोणी हात न लावणाऱ्या भिंतीला चालेल.

भिंत उभी करणं

इथे आम्ही मार खाल्ला. पहिल्या सेटच्या वेळी शेडचं मोठं दार समुद्राकडे उघडत होतं. सकाळी भिंती उभ्या केल्या, मागून काठ्यांचे टेकू दिले आणि जेवायला गेलो. दुपारी खारा वारा सुटला. परत आलो तेव्हा मागची भिंत ओल्या रंगासकट तोंडावर पडली होती. जाळं विणत बसलेले एक काका म्हणाले, "ही भिंत नाय रे झिला, ह्यां शीड आसा."

त्यांचं बरोबर होतं. आठ बाय बाराची भिंत म्हणजे ९६ चौरस फुटांचं शीड. तेव्हा प्रत्येक फ्लॅटमागे काटकोनी टेका द्या : उभी रीप फ्लॅटच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, आडवी रीप जमिनीवर साडेतीन-चार फूट मागे, आणि दोघींना जोडणारी तिरकी. आडव्या रिपेवर वजन हवं. शहरात वाळूच्या पिशव्या ठेवतात, आपल्याकडे चिरा आहे, म्हणजे घरं बांधायचा जांभा दगडाचा ठोकळा. एकेक वीस किलोच्या वर भरतो, गडग्याशेजारी रचलेले असतातच. विचारून आणा आणि मोजून परत ठेवा. फ्लॅट एकमेकांना मागून सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या लोखंडी चिमट्याने) जोडा. निघणारी भिंत याच क्लॅम्पमुळे पाच मिनिटांत सुटते.

प्लायचा चिरा करणं

हे काम माझ्या सगळ्यात आवडीचं, म्हणून जरा सविस्तर.

तयार रंगातून चिऱ्याचा तांबडा जमत नाही. एक तर वीट दिसते, नाहीतर गाजर. उपाय चिरेखाणीतच पडलेला असतो : चिरे कापताना उडणारा भुगा. दोन गोण्या आणा, पिठाच्या चाळणीने चाळा. फेविकॉल, पाणी आणि भुगा थापता येईल एवढा घट्ट कालवा. रंग आपोआप बरोबर येतो, कारण तो चिराच आहे.

आधी प्लायवर पेन्सिलने थर आखा, एकेक चिरा सव्वा फूट लांब. उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, गवंडी तसं कधीच बांधत नाही आणि कोकणातल्या प्रेक्षकाला ते क्षणात खुपतं. सांध्यांवर अर्ध्या इंचाची चिकटपट्टी लावा, सगळीकडे मिश्रण थापा, आणि ते ओलं असतानाच हिरांच्या खराट्याचं टोक उभं धरून टोचत सुटा. चिऱ्याची ती छिद्रं दुसऱ्या कशानेही इतकी खरी येत नाहीत. अर्धवट सुकल्यावर पट्टी ओढून काढा. खाली सांधा दिसतो, त्यात राखाडी रंग भरा.

मग जुनेपण. खाणीतून काढलेला चिरा मऊ आणि पिवळट-तांबडा असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो आणि काळवंडतो. तेव्हा शंभर वर्षांच्या घराची भिंत लालभडक ठेवू नका. पातळ काळा रंग वरून खाली ओघळू द्या, खालच्या हातभर पट्ट्यात थोडा हिरवा. चुलीमागे कोळशाची पूड कापडाने वर वर पुसत न्या, काजळी नेहमी वर जाते.

हात कमी पडत असतील तर जवळच्या गणपतीच्या शाळेत जा. मूर्ती रंगवणारी ही माणसं श्रावण-भाद्रपदात मान वर करत नाहीत, पण थंडीत त्यांना वेळ असतो. एका मूर्तिकाराने आमची तुळई अर्ध्या तासात सागवानी करून दिली, रेषांसकट. आम्ही दोन दिवस झटत होतो. थर्माकोलचा मोह मात्र नको. ते झटकन पेटतं, आणि २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलंच आहे. चूल खरी पेटवणार असाल तर शॉटच्या चौकटीबाहेर वाळूची बादली आणि अग्निशामक, आणि तिथे एक माणूस, जो दुसरं काहीही करणार नाही.

जमिनीला कोब्यावर गोणपाट पसरून त्यावर लाल माती आणि शेणाचा काला सारवा. पहिला हात तडकतो, घाबरू नका, दुसरा पातळ हात फिरवा. ओलं सारवण गडद दिसतं आणि सुकलं की फिकं होतं, म्हणून शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी संपवा. एकाच दृश्यात जमीन दोन रंगांची झाली तर संकलक तुम्हाला शिव्या घालेल.

छपराच्या जागी दोन-तीन वासे आडवे टाका आणि त्यावर पुठ्ठ्याला कौलाएवढं भोक पाडून वरून दिवा सोडा. थोडा धूर केला की काचेच्या कौलातून पडणारा तो उन्हाचा खांब मिळतो. एवढ्यानेच वर छप्पर आहे असं वाटतं. दिवे एलईडी असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र फडफडतं. जुना हजार वॅटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. घरगुती छोट्या सॉकेटला दोन जोडू नका.

सामान आणि साल

भांडी विकत घेऊ नका, वाडीतून मागा. प्रत्येक वस्तूचा फोटो, वहीत घराची खूण, आणि परत देताना घासून. पण मागताना मुलूख बघा. सिंधुदुर्गातल्या घरात आडाळ्यावर (विळीच्या तिकडच्या प्रकारावर) खोबरं खवतात. अलिबागकडून आणलेली विळी तिथे ठेवली की कोणीतरी बोट दाखवणारच.

गोष्ट जुन्या काळातली असेल तर सालं तपासा. 'कालनिर्णय' १९७३ मध्ये निघालं, ते काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, पण म्हणून ते १९६८ च्या भिंतीवर लटकवता येत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, त्याआधीच्या पाकिटावर तो नको. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तोवर मालवणच्या पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असायचं. मुंबईकर मुलगा १९९० मध्ये घरी येतो तो एस.टी.ने, कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. आमच्या सेटवर एका ट्रंकेवर रंगवलेला 'जि. सिंधुदुर्ग' पाहून गावातल्या निवृत्त पोस्टमनकाकांनी फक्त "कितवं साल म्हणालात?" एवढंच विचारलं. आम्ही ट्रंक उलटी फिरवली.

किनाऱ्यावर काही उभारायचं असेल तर

टाळता आलं तर टाळा. परवानग्या वेगळ्या लागतात. ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा, किनारा नियमन क्षेत्राचे नियम विचारून घ्या, किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचं पत्र लागतं. हिवाळ्यात वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे लावायचे नाहीत.

भरतीचा अंदाज काढायला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. ठिकाणानुसार तासभर पुढेमागे होते, म्हणून वेळापत्रक छापील तक्त्यावरूनच करा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी कालच्या खुणेवर थांबत नाही.

सेट उतरवणं

यासाठी एक पूर्ण दिवस धरा. शेवटचा शॉट झाला की सगळे जेवणाकडे पळतात आणि दोघे जण स्क्रू काढत बसतात, तसं नको. आधी उधारीची भांडी, मग दिवे, मग क्लॅम्प, शेवटी टेके. टेका काढण्याआधी फ्लॅट एकाने धरलेला पाहिजे. स्क्रू डब्यात लांबीप्रमाणे वेगळे ठेवा. खाऱ्या हवेत ते गंजतात, म्हणून डब्यात चमचाभर खोबरेल टाकून हलवा. गोणपाट सारवणासकट गुंडाळून माडाच्या आळ्यात टाकलं तरी चालतं. चिऱ्याचे सात फ्लॅट आम्ही गावच्या शाळेला दिले. गॅदरिंगला त्यांचा किल्ला झाला होता म्हणे, आणि शाळेच्या शिपाईमामांनी मागून टेक्यांवर चिरेही ठेवले होते.