झोप, भूक आणि वेदना : उंदरांवरील औषध-अभ्यासाची आखणी

ठाणे आणि नवी मुंबईतील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत एम. फार्म.च्या प्रबंधासाठी वेदनाशमनाचा विषय विद्यार्थी आवडीने घेतात. हॉट प्लेट (प्राण्याला ठेवायची तापवलेली पट्टी) बहुतेक विभागांत असते, प्रयोग थोड्या दिवसांत आटोपतो आणि आलेखही ठसठशीत येतो. मात्र औषध दिलेल्या उंदराने तापलेल्या पट्टीवर पंजा चाटायला उशीर लावला, एवढ्यावरून त्याची वेदना कमी झाली असे ठरवता येत नाही. त्याला गुंगी आली असेल, स्नायू सैल पडले असतील, किंवा अस्वस्थ वाटल्याने तो निपचित बसला असेल. म्हणून प्रयोगाची आखणीच अशी हवी की या शक्यता एकेक करून बाजूला काढता येतील, आणि त्यासाठी झोप व भूक या दोन गोष्टी वेदनेच्या बरोबरीने मोजणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पुढील लेखनात उंदीर म्हणजे माईस, अर्थात लहान उंदीर, समजावे. रॅटचा, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचा, उल्लेख तेथे तेथे स्वतंत्रपणे केला आहे.

या तिन्ही क्रिया मेंदूत एकमेकींत किती गुंतल्या आहेत याचे उत्तम उदाहरण ओरेक्सिन हे आहे. 1998 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील हे पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा संदेशवाहक रेणू) शोधले. एका गटाला ते भूक वाढवणारे दिसले. पण त्याचा अभाव झाला की प्राण्यांत नार्कोलेप्सीसारखी (अवेळी अनावर झोप येण्याच्या विकारासारखी) स्थिती येते हे लवकरच स्पष्ट झाले आणि त्याच्या ग्राहींना (पेशींवरील ज्या जागांवर ते काम करते त्यांना) अडवणारे सुव्होरेक्संट 2014 मध्ये अमेरिकेत निद्रानाशावरील औषध म्हणून मान्य झाले. वेदनेचेही तसेच आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोप अपुरी ठेवलेल्या उंदरांची वेदना-संवेदनशीलता वाढलेली आढळली आणि कॅफीन व मोडाफिनिल यांसारख्या, एरवी वेदनाशामक न मानल्या जाणाऱ्या, औषधांनी ती पूर्ववत झाली. 2018 मध्ये असेही दिसले की उपाशी उंदरांत भुकेशी संबंधित एजीआरपी चेतापेशी दाहजन्य वेदना दाबून टाकतात. म्हणजे उंदीर उपाशी होता की पोटभर खाल्लेला, झोपेतून उठवलेला होता की आपणहून जागा, यावर तुमच्या हॉट प्लेटचा आकडा बदलू शकतो.

प्रयोगाआधीची कागदपत्रे लवकर सुरू करावीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 आणि त्याखालील 1998 चे नियम यांनुसार संस्थेची नोंदणी सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे असावी लागते व प्रत्येक प्रकल्पाला आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची, मंजुरी लागते. या मंजुरीचा अर्ज म्हणजे फॉर्म बी भरताना ‘प्राणी का लागतात’ आणि ‘इतकेच का लागतात’ या दोन रकान्यांवर मेहनत घ्यावी. मॉर्फिन, केटामाइन आणि 2018 पासून ट्रॅमाडॉलही 1985 च्या एनडीपीएस (अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या) कायद्याखाली येतात, त्यामुळे तुलनेसाठी कोणते प्रमाणित औषध वापरायचे हे ठरवतानाच त्याचा परवाना व साठ्याची नोंदवही कोणाकडे आहे याची खात्री करून घ्यावी.

आता प्राणिगृहाकडे वळू, कारण आपल्या भागात बरेच प्रयोग येथेच बिघडतात. उंदीर निशाचर आहे. दिवसाचे बरेचसे खाणे तो अंधारात उरकतो आणि उजेडात मुख्यतः झोपतो. सकाळी दहाला भुकेचा प्रयोग लावणे म्हणजे झोपलेल्या प्राण्याला जेवायला बसवणे. दुसरीकडे, रात्रभर प्रयोगशाळेत थांबून पहाटेच्या लोकलने ठाण्याला परतणे विद्यार्थ्यांना झेपत नाही आणि सुरक्षितही नाही. यावर उपाय म्हणजे उलटे प्रकाशचक्र: सकाळी दिवे बंद, संध्याकाळी सुरू, बारा-बारा तास. उंदरांना त्याची सवय व्हायला दोन ते तीन आठवडे द्यावेत आणि अंधाराच्या काळात काम मंद लाल दिव्यात करावे. दिव्यांना साधा फिरत्या चकतीचा टायमर लावला असेल तर वीज गेल्यावर तो थांबतो आणि वीज आली की तेवढाच मागे राहून चालू लागतो. दीड तास वीज गेली की उंदरांची ‘सकाळ’ दीड तासाने सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बॅटरीचा आधार असलेला डिजिटल टायमर घ्यावा आणि खोलीत प्रकाशाची नोंद ठेवणारे एखादे साधे उपकरण ठेवावे.

आवाजाचा विचारही वेळापत्रकातच करावा. उंदरांना आपल्याला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे आवाजही ऐकू येतात, आणि गणेशोत्सवातील मिरवणुका किंवा दिवाळीतील फटाके तर खिडक्या बंद असूनही प्राणिगृहात पोहोचतात. झोपेची नोंद या दिवसांत घेऊच नये. तापमान 22 ते 24 अंश सेल्सिअस ठेवण्याची पद्धत आहे. पण उंदराला चयापचय न वाढवता शरीर उबदार ठेवता येते ते साधारण 29 ते 30 अंशांना, हे लक्षात ठेवून त्यांना घरटे करण्यासाठी पुरेसा कागद किंवा कापूस द्यावा. एकट्याने ठेवलेल्या उंदराला त्याची गरज अधिक असते.

प्रत्यक्ष मोजमापाची सुरुवात वेदनेपासून करू नये. प्रथम तीन किंवा चार डोस घेऊन रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळणे) आणि ओपन फील्ड (मोकळ्या चौकटीतील हालचाल) या चाचण्या कराव्यात. रोटारॉडवर उंदराला आधी सराव द्यावा आणि जो स्थिर टिकत नाही त्याला वगळण्याचा निकष अगोदरच लिहून ठेवावा. ज्या डोसला चालणे अडखळत नाही असा सर्वांत मोठा डोस हीच पुढील सर्व प्रयोगांची वरची मर्यादा. व्हेइकलचा (औषधाविना फक्त ते विरघळवणारा द्रव दिलेला) गट प्रत्येक चाचणीत हवा, कारण डीएमएसओ आणि ट्वीन 80 या अशा द्रवांचे स्वतःचेही परिणाम असतात. तोंडावाटे देताना उंदरासाठी 10 मि.ली. प्रति किलो या मर्यादेत राहावे.

भुकेची चाचणी दिसायला सर्वांत सोपी असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. उंदीर दिवसाला साधारण 3 ते 5 ग्रॅम खातो. तेव्हा अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा तुमचा निष्कर्ष फिरवू शकते. गोळ्या कुरतडताना उंदीर भुगा पाडतो, तो पिंजऱ्याखाली पसरलेल्या कागदावरून गोळा करून वजनातून वजा करावा लागतो. नवी मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: दमट हवेत गोळ्या ओलावा शोषतात आणि त्यांचे वजन वाढते, परिणामी उंदराने खाल्लेले प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. उपाय सोपा आहे. त्याच मांडणीवर एक रिकामा पिंजरा ठेवावा, त्यात तेवढ्याच गोळ्या वजन करून ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी त्यांचेही वजन घेऊन बदल दुरुस्त करावा. वजने अंधार सुरू झाल्यापासून 1, 2, 4 आणि 24 तासांनी घ्यावीत. पहिल्या दोन तासांत खाणे घटले आणि 24 तासांत भरून निघाले, तर तो गुंगीचा किंवा क्षणिक अस्वस्थतेचा परिणाम असण्याची शक्यता तपासायला हवी.

खाणे कमी झाले म्हणजे भूक कमी झाली असेही नाही. उंदीर आणि रॅट दोघेही उलटी करू शकत नाहीत, त्यामुळे मळमळ बाहेरून दिसत नाही. रॅटला मळमळ झाली की तो केओलिनसारखी अन्न नसलेली माती खाऊ लागतो, आणि सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध दिलेल्या रॅटमध्ये हे वर्तन ठळकपणे दिसते. तेव्हा भूक घटवणाऱ्या पदार्थाचा दावा करायचा असेल तर रॅटच्या पिंजऱ्यात नेहमीच्या खाद्याशेजारी केओलिनच्या गोळ्या ठेवून त्यांचेही वजन घ्यावे. हा प्रयोग स्वस्त आहे आणि प्रबंधाचे वजन त्याने बरेच वाढते.

झोपेसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी चाचणी म्हणजे पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाने आणलेल्या गुंगीचा काळ मोजणे. उताणा ठेवलेला उंदीर किती वेळाने स्वतःहून पालथा होतो, एवढेच ती सांगते. तुम्ही तपासत असलेल्या वनस्पतीच्या अर्काने यकृतातील (औषध मोडणारी) विकरे अडवली तरीही हा काळ लांबतो, मेंदूवर काहीच परिणाम झालेला नसला तरी. हे तपासण्यासाठी पेंटोबार्बिटलऐवजी बार्बिटल सोडियम वापरावे, कारण त्याचा बहुतांश भाग यकृतात न बदलता मूत्रावाटे बाहेर पडतो. त्याच्यासोबतही काळ लांबला तर मेंदूवरील परिणामाची बाजू बळकट होते. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) आणि ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालींची नोंद) यांची सोय असेल तर शस्त्रक्रियेनंतर किमान एक-दोन आठवडे प्राण्यांना सावरू द्यावे आणि त्यानंतरच नोंद घ्यावी. ती सोय नसेल तर अवरक्त प्रकाशातील व्हिडिओ हा चांगला पर्याय आहे: उंदीर सलग 40 सेकंद किंवा अधिक निश्चल राहिला तर त्याला झोप मानण्याची पद्धत ईईजीशी पडताळून पाहिलेली आहे. आरईएम (डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप) आणि अन्य झोप यांतील फरक मात्र व्हिडिओवरून सांगू नये.

वेदनेच्या चाचण्या सर्वांत शेवटी कराव्यात, कारण त्या झाल्यावर त्याच प्राण्यावर अन्य काही मोजणे योग्य नाही. हॉट प्लेट 55 अंशांवर ठेवून मागील पंजा चाटणे, झटकणे किंवा उडी मारणे हा प्रतिसाद धरावा. पुढचे पंजे चाटणे हा उंदराच्या रोजच्या स्वच्छतेचा भाग असल्याने तो मोजू नये. 20 किंवा 30 सेकंदांची मर्यादा आधी ठरवावी आणि ती झाली की उंदराला लगेच उचलावे, कारण भाजलेला पंजा ही प्राण्यावर लादलेली निष्कारण इजा आहे. दोन उंदरांच्या मध्ये पट्टी सौम्य अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावी, म्हणजे आधीच्या उंदराच्या मूत्राचा वास राहणार नाही. एकाच उंदराला वारंवार ठेवले की तो शिकतो आणि वेळ घटत जातो, त्यामुळे आधारमापन (औषध देण्याआधीचे मोजमाप) दोनदाच घ्यावे.

हॉट प्लेटपेक्षा फॉर्मलिन चाचणी अधिक बोलकी आहे. मागील पंजात 20 मायक्रोलिटर सौम्य फॉर्मलिन टोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चाटण्याचा पहिला टप्पा दिसतो, मग थोडी शांतता आणि साधारण 15 व्या मिनिटापासून दुसरा टप्पा. पहिला टप्पा थेट चेतातंतूंच्या उद्दीपनाचा, तर दुसऱ्यात दाह आणि मज्जारज्जूतील संवेदनवृद्धी यांचा वाटा मोठा असतो. औषधाने फक्त दुसरा टप्पा दबला तर प्राणी नुसता गुंगलेला नाही, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. नंतर प्राण्यांना उगाच जिवंत ठेवून वेदना लांबवू नये. आयएईसीने मंजूर केलेल्या पद्धतीनेच प्रयोग संपवावा.

प्राण्यांची संख्या ठरवताना मागील अभ्यासांतील विचलन हाती असेल तर सांख्यिकीय शक्तीचा (खरा फरक पकडता येण्याच्या शक्यतेचा) हिशेब करावा. ते नसल्यास एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करून येणारा आकडा 10 ते 20 यांदरम्यान ठेवावा. चार गटांत प्रत्येकी सहा उंदीर घेतले तर तो 20 येतो. नर आणि मादी दोघांचाही समावेश करावा. औषधाच्या कुप्यांवर प्रयोगाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याने सांकेतिक क्रमांक घालावेत आणि ते विश्लेषण संपल्यावरच उघडावेत. मोजणारी व्यक्तीही बदलू नये: 2014 मध्ये दाखवून देण्यात आले की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासाच्या ताणाने उंदरांतील वेदनेचे वर्तन दबते, तेव्हा सोमवारी एक विद्यार्थी आणि गुरुवारी दुसरी विद्यार्थिनी मोजत असेल तर हा फरक औषधाच्या नावावर जमा होईल.

निष्कर्ष लिहिताना दोन औषधांचे अनुभव डोळ्यांसमोर ठेवावेत. सबस्टन्स पी या वेदनेशी संबंधित रेणूच्या एनके1 ग्राहींना अडवणारी औषधे प्राण्यांत वेदनाशामक दिसली, माणसांत मात्र वेदनेवर अपयशी ठरली. त्यांतील ॲप्रेपिटंट 2003 पासून उलटीरोधक म्हणून वापरात आहे. भूक घटवणाऱ्या रिमोनाबंटची विक्री 2008 मध्ये युरोपात नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या धोक्यामुळे थांबवावी लागली. म्हणून ‘अर्क वेदनाशामक आहे’ असे न लिहिता ‘या डोसला, या चाचणीत, हालचाल न मंदावता प्रतिसादाचा काळ लांबला’ असे लिहावे. उंदरातील डोसवरून माणसाचा समतुल्य डोस काढताना मि.ग्रॅ. प्रति किलोच्या आकड्याला 12.3 ने, रॅटच्या आकड्याला 6.2 ने भागावे. उंदराला 500 मि.ग्रॅ. प्रति किलो दिलेला अर्क 60 किलोच्या माणसाला सुमारे अडीच ग्रॅम होतो, आणि इतके कोणी रोज घेईल का याचे उत्तर चर्चेच्या प्रकरणात द्यावे. शेवटी तक्त्यांसोबत प्रत्येक चाचणीची प्रकाशचक्रातील वेळ, प्राणी उपाशी होते की नाही, खोलीचे तापमान आणि वगळलेल्या प्रत्येक उंदराचे कारण हे सर्व परिशिष्टात जोडावे.